परत आलेला चेक आणि बँकेची चिठ्ठी

बैलजोडी, जुना ट्रॅक्टर किंवा गूळ विकला की घेणारा पुष्कळदा रोख न देता चेक हातावर ठेवतो. वटला तर प्रश्नच नाही. परत आला की मात्र आपली माणसे तो खिशात घालून त्याच्या दारी चकरा मारतात, 'आज देतो, उद्या देतो' ऐकत राहतात आणि मुदत निघून जाते.

परत आलेल्या चेकसोबत बँक जी चिठ्ठी देते, तिला आपल्याकडे मेमो म्हणतात. ती जपून ठेवावी. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम १४६ आले. बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो दाखवला की चेक वटला नाही असे कोर्ट धरून चालते. तसे नाही हे समोरच्याने सिद्ध करायचे. म्हणून शिक्का आहे की नाही हे काउंटरवरच पाहून घ्यावे. सौदापावतीही सोबत ठेवा, कारण देणे खरे असावे लागते. देणगीच्या चेकवर हा खटला चालत नाही.

चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. तोंडी तगादा हिशेबात धरत नाहीत.

फिर्याद कुठे करायची, याचा मोठा घोळ झाला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने चेक देणाऱ्याच्या बँकेचे गाव ठरवले. म्हणजे हिवरा आश्रमच्या शेतकऱ्याने नागपूरच्या चेकसाठी नागपूर गाठायचे! २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले. आता चेक आपल्या खात्यात भरला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत, तिथले कोर्ट. आपल्या भागाला मेहकर.

वचनचिठ्ठीचे तसे नाही. तिला कलम १३८ ची फौजदारी लागू नाही, दिवाणी दावाच करावा लागतो. पैसे नाकारले तर वाजवी वेळेत नोटरीकडे नोंद करून प्रोटेस्टचा दाखला घेता येतो, आणि तो शाबीत झाला की नकार कोर्ट गृहीत धरते. मात्र 'मागताक्षणी देईन' अशी साधी चिठ्ठी असेल, तर दाव्याची तीन वर्षे चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात, आपण पैसे मागितल्यापासून नव्हे. ट्रंकेत चिठ्ठ्या असतील तर आजच तारखा पाहा; मुदत उरली असेल तोवर देणेकऱ्याकडून बाकी कबूल केल्याचे लिहून, सही घ्यावी.