सोन्यावरचे ओरखडे

लाकडावर सोन्याचा वर्ख चढवायचा, तो घोटून आरशासारखा करायचा, मग त्याच सोन्यावर जाड रंगाचा हात देऊन ते पुरते झाकायचे आणि रंग अर्धवट वाळला की टोकदार काडीने तो नेमक्या जागी खरवडून खालचे सोने पुन्हा उघडे करायचे, असे हे काम आहे. सोने आधीच जागेवर असते. कारागीर काढून टाकतो तो रंग. इटालियन भाषेत ओरखडे काढण्याला ‘स्ग्राफिआरे’ म्हणतात, त्यावरून या पद्धतीला ‘स्ग्राफितो’ हे नाव मिळाले. स्पेन-पोर्तुगालमध्ये सोने आणि रंगाच्या या एकत्र कामाला ‘एस्तोफादो’ म्हणतात. ‘एस्तोफा’ म्हणजे कापड. महाराष्ट्राच्या अगदी शेजारी हे काम पाहायचे तर गोव्यातल्या चर्चमधील वेद्या आणि संतांच्या लाकडी मूर्ती पाहाव्या लागतात.

नावातच कापड आहे ते उगाच नाही. चौदाव्या शतकापर्यंत मध्य आशियातून जरीची रेशमी वस्त्रे इटलीच्या बाजारात येऊ लागली होती. चित्रात देवदूतांना आणि संतांना अशीच वस्त्रे नेसवायची, तर जरीची चकाकी आणायची कशी, हा चित्रकारांपुढचा प्रश्न होता. सोन्याची पूड डिंकात कालवून कुंचल्याने रेघा ओढता येतात, पण पूड वर्खासारखी आरशागत घोटता येत नाही, त्यामुळे ती रेघ मंद दिसते. घोटलेला वर्ख खाली ठेवून वरचा रंग खरवडला तर मात्र प्रत्येक रेघ आरशाच्या तुकड्यासारखी चमकते. पैठणीचा पदर दिव्याजवळ नेला की जर जशी पेटते, तसाच हा परिणाम. सिएनाच्या सिमोने मार्तिनी या चित्रकाराने १३३३ मध्ये रंगवलेल्या ‘अनुन्सिएशन’ या चित्रातील देवदूताचा पांढरा-सोनेरी झगा याच रीतीसाठी ओळखला जातो. हे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने चित्रकाराच्या धंद्यावर लिहिलेल्या पुस्तकात सोनेरी वस्त्र रंगवण्याची ही कृती सांगितली आहे. तो लाकडाची किंवा हाडाची लेखणी वापरायला सांगतो. धातूचे टोक नको, कारण त्याने रंगाबरोबर सोनेही निघते.

खरे कष्ट सोन्याच्या आधीचे असतात. लाकूड चांगले मुरलेले हवे; गाठी आणि चिरा भरून घेतात, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतात. मग जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसात खडू किंवा जिप्समची पूड कालवून त्याचे पातळ थर एकावर एक देतात. हे पांढरे अस्तर वाळले की घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करतात. त्यावर येते तांबड्या, लोण्यासारख्या मऊ चिकणमातीचे अस्तर. ही माती दोन कामे करते. वर्ख हात लागताच विरेल इतका पातळ असल्याने खालचा रंग त्यातून जाणवतो. पांढऱ्यावर सोने हिरवट-गार दिसते, तांबड्यावर ऊबदार. शिवाय माती किंचित दबते, म्हणूनच वर्ख घोटता येतो. सोनारकामात सोने वजनावर तोलतात, इथे ते पसरण्यावर मोजावे लागते. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी धरली, तर एका ग्रॅमात सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकला जातो. मातीचे अस्तर पाण्याने ओलावून त्यावर वर्ख अलगद सोडतात, अस्तरातला सरस त्याला धरतो. काही तासांनी, ओल पुरेशी गेली पण पुरी गेली नाही अशा वेळी, अकीकाच्या घोट्याने तो घासतात. जुन्या काळी कुत्र्याचा सुळाही त्यासाठी वापरीत.

यानंतर रंग. तो बहुधा अंड्याच्या बलकात खललेला असतो. बलकातला रंग लवकर धरतो, झाकतो चांगला आणि पहिले काही तास मऊ राहतो. नक्षीचा कागद सुईने टोचून घेतात, तो पृष्ठभागावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. ठिपक्यांनी नक्षी उतरते. मग काडी हातात घ्यायची. सगळा प्रश्न वेळेचा असतो. रंग ओला असेल तर काडीपुढे चिखलासारखा गोळा होतो आणि रेघेची कड फाटते. फार वाळला असेल तर कपचे उडतात आणि जिथे रंग राहायला हवा तिथेही सोने दिसू लागते. ही मधली वेळ दमट दिवशी लांबते, कोरड्या दिवशी झटकन निघून जाते. म्हणून मोठ्या मूर्तीचा झगा एका दमात रंगवीत नाहीत. जेवढे खरवडून होईल तेवढाच भाग रंगवतात. उघड्या झालेल्या सोन्यावर कधी बारीक खिळ्याने ठोके देऊन ठिपके उठवतात. प्रत्येक खळगा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो, आणि मेणबत्तीच्या हलत्या उजेडात वस्त्र जणू हलते. विजेच्या स्थिर दिव्याखाली या कामाची अर्धी गंमत जाते.

स्पेनमध्ये मूर्ती कोरणारा आणि रंगवणारा यांचे संघ वेगवेगळे होते. कोरलेली मूर्ती रंगाऱ्याकडे पाठवली जाई. सेव्हिलचा फ्रान्सिस्को पाचेको हा असा नामांकित रंगारी. त्याचे चित्रकलेवरील पुस्तक १६४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. व्हेलास्केथ हा त्याचा शिष्य आणि जावई. मूर्तीचा चेहरा आणि हात यांना मात्र सोन्याचा स्पर्श नसे. त्वचेचा रंग थेट पांढऱ्या अस्तरावर चढे, आणि शेजारी लखलखणाऱ्या झग्यामुळे तो अधिकच जिवंत भासे. मिशनऱ्यांबरोबर ही रीत अमेरिकेत गेली, इक्वेडोरमधील कीतो शहर तिच्यासाठी प्रसिद्ध झाले. पूर्वेकडे तिचा मुक्काम गोव्यात पडला.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. पुढच्या दीड शतकात जुन्या गोव्यात चर्च उभी राहत गेली. सेंट कॅथरीनलाच वाहिलेल्या से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. १५९४ मध्ये सुरू झालेली बॉं जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये पुरी झाली. आतल्या वेद्या लाकडी आणि छतापर्यंत चढलेल्या. पिळदार खांब, द्राक्षवेली, देवदूतांची तोंडे आणि कोनाड्यांतले संत, सगळे सोन्याने मढवलेले. अनेकांना वाटते ही धातूची कामे आहेत. प्रत्यक्षात ती सुतारकामावरची अतिशय पातळ कातडी आहे.

कोरणारे हात बरेचसे स्थानिक होते. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. अशी मनाई पुढेही पुन्हा पुन्हा करावी लागली, आणि जी गोष्ट होतच नाही तिच्यावर कोणी वारंवार बंदी घालत नाही. देवळाचा खांब कोरणाऱ्या सुताराला वेदीचा खांब कोरणे अवघड नव्हते.

हे काम जवळून पाहण्यासाठी जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय सोयीचे. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये इथे आले. मूर्तीवरची नक्षी खरवडलेली आहे की कुंचल्याने सोने लावून काढलेली, हे ओळखायची एक साधी खूण आहे: बॅटरीचा उजेड बाजूने पाडावा. कुंचल्याची रेघ रंगाच्या वर बसलेली दिसते. खरवडलेली रेघ खाचेत असते आणि तिच्या दोन्ही कडांना रंगाचा बारीक बांध असतो.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात खरवडून नक्षी काढण्याची आणखी एक रीत आहे, आणि तिच्यात सोने नाही. ती म्हणजे कावी. ‘काव’ म्हणजे तांबडी माती. मराठीत याच घराण्यातल्या एका रंगाला हुरमुंजी म्हणतात, तो होर्मुझ बंदरावरून आलेला शब्द. कावीसाठी शिंपले भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ यांचा गिलावा करून तो काही दिवस मुरू देतात.  किनाऱ्यावर शिंपलेच हाताशी. भिंतीवर पांढरा गिलावा, त्यावर तो ओला असतानाच कावेचा थर, आणि मग लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा करणे. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने भिंत घोटतात. पेडणे तालुक्यातील पार्सेच्या भगवती मंदिरात आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील अंकोल्याच्या लक्ष्मीनारायण महामाया मंदिरात ही कामे आहेत. युरोपातही भिंतीवरचा स्ग्राफितो आहे, प्रागचा श्वार्झेनबर्ग राजवाडा त्याने भरलेला आहे. पण म्हणून एकाने दुसऱ्याकडून उचलले असे ठरवण्याची घाई करू नये. दोन रंगांचे थर हाताशी असले की वरचा ओरबाडून पाहण्याची बुद्धी कोणालाही होऊ शकते.

हाताची क्रिया सारखी असली तरी सोनेरी स्ग्राफितो आणि कावी यांचे आयुष्य वेगळे आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि कावेला आपल्यात बांधून टाकतो. पावसाचा शिडकावाही ती भिंत सोसते. सोन्याखालचा सरस मात्र पाण्याने विरघळतो. गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, पण पांढरे अस्तर तसे ताणले जात नाही. ते तडकते आणि सोन्या-रंगासकट पोपडे धरते. वाळवी आतून लाकूड पोखरते तेव्हा बाहेरची सोनेरी कातडी तशीच उभी राहते आणि बोट लागले की आत जाते. भाविकांनी हौसेने केलेली डागडुजी त्याहून घातक. ‘सोनेरी रंग’ म्हणून मिळणारी पितळेची पूड काही वर्षांत काळी-हिरवी पडते, आणि तिच्याखाली खरे सोने दडून राहते.

संवर्धनात म्हणून ओले फडके वर्ज्य. सुटलेल्या पोपड्यांवर आधी पातळ जपानी कागद चिकटवून ते धरून ठेवतात, मग सुईने खाली पातळ सरस सोडून हलक्या उबेने आणि दाबाने बसवतात. पितळी रंग भिंगाखाली, चाकूच्या टोकाने, तसूतसूने काढावा लागतो. जिथे रंग गेला तिथे नवा रंग लावून पुन्हा खरवडीत नाहीत. तिथे नंतर काढून टाकता येईल असा जलरंग बारीक उभ्या रेघांनी भरतात. दुरून नक्षी अखंड दिसते, जवळ गेले की जुने कुठे संपले ते कळते.