शिलालेखांच्या छायाचित्रणासाठी जुनी वाइड-अँगल लेन्स : निवड आणि पारख

कोरीव लेखांच्या अभ्यासकापुढे मूळ दगड फार थोडा वेळ असतो. वाचनाचे खरे काम घरी किंवा विभागात बसून, ठशावरून अथवा छायाचित्रावरून होते. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा चांगले छायाचित्र मिळवणे हे स्वतंत्र कारागिराचे काम होते. आज डिजिटल कॅमेरा विद्यार्थ्याच्याही हाती आला आहे. अडचण उरली आहे ती जागेची. मंदिराच्या अंतराळात, ओवरीत किंवा दोन भिंतींमधल्या बोळात लेखापासून मागे सरकावयास दोन मीटरही मिळत नाहीत, आणि अशा ठिकाणी ५० मि.मी.ची नेहमीची लेन्स निरुपयोगी ठरते. विस्तृत कोनाची नवी, स्वयंचलित लेन्स उत्तम असते. पण तिची किंमत विभागाच्या अनुदानास किंवा संशोधक विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीस झेपेलच असे नाही. म्हणून साधारणतः १९६० ते १९९० या काळातील, हाताने फोकस करावयाच्या वापरलेल्या लेन्सकडे वळावे लागते. तिची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द. ‘भिंग’ हा शब्द एका काचेसाठी सुटसुटीत आहे; परंतु पाच-आठ भिंगे एका नळकांड्यात बसवून जी वस्तू बनते तिला छायाचित्रकार, दुरुस्तीवाले आणि विक्रेते सारेच ‘लेन्स’ म्हणतात. ‘नाभ्यंतर’ हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळलेला आहे, दुकानात नव्हे. येथे तो ठेवला आहे, कारण तो नेमका आहे. बाकीचे शब्द बाजारातलेच घेतले आहेत. ‘विशालकोनी भिंग’ मागितल्यास विक्रेता गोंधळात पडेल.

लेन्सच्या कड्यावर कोरलेला नाभ्यंतराचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो सेन्सरच्या आकाराशी जोडून वाचला पाहिजे. ३६ × २४ मि.मी.च्या, म्हणजे ‘फुल-फ्रेम’ सेन्सरवर २८ मि.मी.ची लेन्स दोन मीटर अंतरावरून भिंतीचा सुमारे अडीच मीटर रुंदीचा भाग घेते, २४ मि.मी.ची जवळजवळ तीन मीटर, २० मि.मी.ची साडेतीन, आणि ५० मि.मी.ची जेमतेम १.४ मीटर. परंतु सुमारे २३.५ मि.मी. रुंदीच्या ‘एपीएस-सी’ सेन्सरवर तीच २८ मि.मी.ची लेन्स १.६ ते १.७ मीटरच दाखवते. तेथे अडीच मीटरची रुंदी हवी असेल तर १८-१९ मि.मी.पर्यंत खाली उतरावे लागते, आणि त्या नाभ्यंतराच्या जुन्या लेन्स दुर्मीळ, महाग व बहुधा कडांना दुबळ्या असतात. म्हणून स्पष्ट सांगावयाचे तर, ज्याच्याकडे एपीएस-सी कॅमेरा आहे त्याने या खटाटोपात पडू नये. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.ची साधी झूम लेन्स १८ वर ठेवून, अॅपर्चर एफ ८ करून वापरली तर तिचे काम पुष्कळदा जुन्या, नामांकित लेन्सपेक्षा सरस उतरते. पुढील विवेचन फुल-फ्रेमधारकांसाठी आहे.

वाइड-अँगल लेन्स अक्षरे ‘ताणते’ अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स सपाट भिंतीशी सेन्सर अगदी समांतर ठेवून वापरली, तर भिंतीवरील आकृती मुळाशी सर्वस्वी समरूप येते. कोपऱ्यातील अक्षरही मधल्याइतकेच रुंद असते. ताण पडतो तो घनवस्तूंवर. गोल खांब चित्राच्या कडेला आला की तो जाडजूड दिसतो, आणि त्यावरील अक्षरांची प्रमाणे बिघडतात. तेव्हा खांबावरील लेख नेहमी चित्राच्या मध्यभागी घ्यावा; किंबहुना त्यासाठी वाइड-अँगल वापरूच नये, दोन-तीन चित्रे घ्यावी. भिंतीवरील लेखाच्या बाबतीत धोका वेगळा आहे : कोपऱ्यांची अस्पष्टता.

तो किती गंभीर आहे हे आकड्यांनी पाहावे. सहा हजार पिक्सेल रुंदीचे चित्र अडीच मीटर भिंतीवर पसरले म्हणजे एका मिलिमीटरच्या वाट्यास सुमारे २.४ पिक्सेल येतात. पाच मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार म्हणजे अवघे बारा पिक्सेल. छिन्नीने पाडलेला अनुस्वार आणि दगडाची नैसर्गिक खपली यांतील फरक खाचेच्या कडांवरून ओळखावयाचा असतो. लेन्सने कोपऱ्यात चार-पाच पिक्सेलांचा धुरळा उडवला की तो फरक नाहीसा झाला. आता ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आणि ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, यांत भेद करणारे त्या टिंबावाचून दुसरे काय आहे? क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, म्हणून ते ओळीच्या टोकाला पडण्याचा संभवही पुष्कळ, आणि ओळीची टोके चित्राच्या कडांना असतात. च, व आणि ध या झिजलेल्या अक्षरांची गोष्टही अशीच. मध्यबिंदूची अद्‌भुत स्पष्टता, जिच्यासाठी काही लेन्सची कीर्ती गायली जाते, आपल्याला फारशी उपयोगाची नाही. आपणांस हवी आहे चारही कोपऱ्यांत सारखी, मध्यम का होईना, पण विश्वसनीय स्पष्टता.

यावरून पुढचा निर्णय आपोआप निघतो. एफ २ किंवा त्याहून मोठ्या अॅपर्चरच्या लेन्सला बाजारात जो जादा भाव मिळतो तो आपण देऊ नये. स्थिर दगडाचे चित्र ट्रायपॉडवरून एफ ८ वर, हवे तर दोन सेकंदांच्या उघडीपीने घेता येते. (केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला पूर्वपरवानगी लागते, ती आधी काढावी.) एफ २.८ किंवा एफ ३.५ च्या साध्या लेन्स आकाराने लहान, किमतीने हलक्या, आणि एफ ८ वर कडांना मोठ्या बहिणींच्या बरोबरीच्या असतात. एफ ११ च्या पलीकडे मात्र प्रकाशाच्या विवर्तनाने सर्वच चित्र किंचित मऊ पडू लागते.

लेन्स कोणती घ्यावी यापूर्वी ती कॅमेऱ्यावर बसेल का हे पाहावे. प्रत्येक माउंटला सेन्सरपासून ठरावीक अंतर लागते : निकॉन एफ ४६.५ मि.मी., ऑलिंपस ओएम ४६, एम४२ चा आटे असलेला माउंट ४५.४६, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२. मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर फार कमी आहे, सोनी ई मध्ये १८, कॅनन आरएफ मध्ये २० आणि निकॉन झेड मध्ये १६ मि.मी.; त्यामुळे मधली जागा साध्या पोकळ अॅडॉप्टरने भरता येते व वरील सर्व लेन्स चालतात. आरशाच्या कॅनन ईएफ कॅमेऱ्याचे अंतर ४४ मि.मी. असल्यामुळे मिनोल्टा व एफडी लेन्ससाठी अॅडॉप्टरमध्ये जादा काच घालावी लागते, आणि ती काच नेमके कोपरेच बिघडवते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर १९७७ पूर्वीच्या, ‘एआय’ नसलेल्या व तशी सुधारणाही न केलेल्या लेन्स बळेच बसवल्यास माउंटजवळील नाजूक खुंटी मोडण्याचा संभव असतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या वाइड लेन्स मोहक दिसतात, परंतु त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, किरण तिरपे पडतात, आणि सेन्सरवरील जाड काचेमुळे कोपऱ्यांत धूसरपणा व रंगछटा उमटतात. फिल्मवर त्या उत्कृष्ट होत्या. आपल्या कामासाठी त्या वर्ज्य समजाव्यात.

आता प्रत्यक्ष नावे. निकॉर २८ मि.मी. एफ २.८ ‘एआय-एस’ ही १९८१ची लेन्स माझ्या मते या कामास सर्वांत योग्य. हिच्यात आठ भिंगे आहेत, आणि जवळचे फोकस करताना भिंगांमधील अंतर बदलून कडा सुधारण्याची योजना आहे. ती २० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते, आणि हीच तिची ओळख, कारण बाहेरून सारखी दिसणारी आधीची ‘एआय’ लेन्स ३० सेंटिमीटरवर थांबते, व ‘सीरिज ई’ या स्वस्त मालिकेतील २८ मि.मी.मध्ये पाचच भिंगे आहेत. खरेदीपूर्वी अंतराच्या कड्यावरील शेवटचा आकडा वाचावा. मिनोल्टाच्या ‘एमडी’ २८ मि.मी. एफ २.८ चीही तीच कथा : एकाच नावाखाली आधी सात व नंतर पाच भिंगांच्या रचना निघाल्या. ऑलिंपसची झुइको २८ मि.मी. एफ ३.५ चिमुकली, स्वस्त आणि कडांना प्रामाणिक आहे. विविटार हे नाव विक्रेत्याचे. लेन्स दुसऱ्याच कारखान्यांत बनत, आणि अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे कारखाना सांगतात : २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. हस्तलिखितांच्या पुष्पिका वाचणाऱ्यांना ही विद्या नवी वाटू नये.

लेख दरवाजाच्या वरच्या पट्टीवर असेल तर कॅमेरा वर कलवावा लागतो, समांतरता मोडते व ओळी वर निमुळत्या होतात. अशा वेळी सरकती लेन्स उपयोगी पडते. निकॉनची २८ मि.मी. एफ ३.५ ‘पीसी’ लेन्स ११ मि.मी. सरकते, म्हणजे दोन मीटरवरून, कॅमेरा न हलवता, चित्र भिंतीवर सुमारे ८० सेंटिमीटर वर चढते. ती महाग आहे, पण विभागाने एकच लेन्स घ्यावयाची झाल्यास हिचा विचार करावा.

पारख दुकानातच करावी. मुंबईस फोर्टातील बोरा बझारसारख्या ठिकाणी वस्तू हातात घेऊन पाहता येते, हा टपालाने मागवण्यावरील मोठा फायदा. अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च टाकावी व दुसऱ्या बाजूने तिरपे पाहावे. धूळ कोणत्याही जुन्या लेन्समध्ये असतेच. तिची चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे फंगस. तो कोकणपट्टीच्या व मुंबईच्या दमट हवेत हमखास येतो, आणि काचेवरील लेप खाऊन गेला असेल तर साफ करूनही डाग राहतात. दुधी धुके त्याहून वाईट, कारण ते सर्व चित्राचा उठाव मारते. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखासारखी (इ. स. १२७३ ते १२७७) भाविकांच्या पाठी घासून झिजलेली अक्षरे केवळ बाजूने सोडलेल्या तिरप्या उजेडातच उठतात, आणि वाइड लेन्सच्या विस्तृत कोनात तो दिवा काचेला जवळजवळ भिडतो. धुके असेल तर जिथे सावली हवी तिथे करडा पडदा येतो. त्यासाठी बहुस्तरी लेपाची, म्हणजे साधारण १९७० नंतरची लेन्स पसंत करावी, व काळ्या पुठ्ठ्याची आडोशी जवळ ठेवावी.

फोकसचे कडे सारख्या जोराने फिरावे, अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. नंतर मुख्य परीक्षा : चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी ‘केले’ व ‘केलें’ असे ठळक छापलेले कागद भिंतीवर चिकटवावे, दोन मीटरवरून एफ २.८, ५.६ व ८ वर चित्रे घ्यावी व पडद्यावर पूर्ण मोठी करून पाहावी. चारही कोपरे एफ २.८ वर सारखेच मऊ असले तर हरकत नाही. एफ ८ वर ते सुधारतील. तीन चांगले व एक वाईट असेल, तर आतील एखादे भिंग केंद्रातून ढळले आहे, बहुधा लेन्स कधीतरी पडली असेल किंवा अकुशल हाताने उघडली गेली असेल. ती घेऊ नये. तत्पूर्वी दुसरा अॅडॉप्टर लावून पाहावा, कारण वाकडा अॅडॉप्टरही हाच दोष दाखवतो.

काम करताना फोकस मध्यभागी न करता, मध्यापासून कडेकडे साधारण तिसऱ्या हिश्श्यावरील अक्षरावर, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून करावा. लेन्सचे फोकसक्षेत्र किंचित वक्र असते आणि यामुळे कडांना न्याय मिळतो. कड्यावरील खोलीच्या खुणा फिल्मच्या काळच्या सैल मापाने कोरल्या आहेत. एफ ८ वर काम करताना एफ ४ च्या खुणांमधलेच अंतर विश्वसनीय मानावे. जुनी लेन्स कॅमेऱ्यास स्वतःविषयी काही कळवत नाही. तेव्हा नाभ्यंतर, अॅपर्चर, भिंतीपासूनचे अंतर आणि दिव्याची बाजू टिपणवहीत प्रत्येक चित्राच्या क्रमांकापुढे लिहावी, व लेखाशेजारी मोजपट्टी ठेवल्यावाचून एकही चित्र घेऊ नये.