शस्त्रकर्मानंतरचे पथ्य

काशिराज दिवोदास धन्वंतरीपाशी सुश्रुत शल्यविद्या शिकला, असे सुश्रुतसंहिता सांगते. तिच्या सूत्रस्थानातील १९वा अध्याय व्रणिताच्या शुश्रूषेस व पथ्यास वाहिलेला आहे. स्थूलतेवरील आधुनिक शस्त्रक्रियेनंतरही पथ्याचे महत्त्व तितकेच आहे. जठर लहान करून अन्नाची वाट थेट आतड्यात वळविली, की वाराणसीच्या न्याहारीतील जिलबीची साखर तेथे एकदम उतरते व पाणी ओढून घेते. रोग्यास घाम सुटतो, छाती धडधडते. हा त्रास तत्काळ कळतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव मात्र मुकाट्याने येते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. तो सरल्यावर हातपाय बधिर होऊ लागतात, आणि उपचारास विलंब झाल्यास ती हानी कायमची ठरू शकते. म्हणून प्रकृती उत्तम वाटत असतानाही पूरक जीवनसत्त्वे व रक्ततपासणी आजन्म चालू ठेवावी.