दादाच्या घराची पट्टी

मुलांनो, दरवर्षी तुमच्या घरी एक कागद येतो. बाबा तो वाचतात, "यंदा पुन्हा वाढवली वाटतं!" असं पुटपुटतात आणि कपाटात ठेवून देतात. ओळखलंत ना? बरोब्बर, घरपट्टीचं बिल! गावात असाल तर त्यावर दिवाबत्ती कर, पाणीपट्टी असे रकानेही दिसतील.

आज मी तुम्हांला अशाच एका बिलाची गोष्ट सांगणार आहे. पण ते आपल्याकडचं नाही हं, थेट इंग्लंडातलं!

आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी एकदा अगदी रडवेली होऊन शाळेत आली. तिचा मोठा दादा इंग्लंडला शिकायला गेलेला. बाबांनी त्यासाठी बँकेचं कर्ज काढलेलं. "बाई, दादाला तिथे घरपट्टी आलीय. पण विद्यार्थ्यांना तर माफ असते ना?" मी म्हटलं, "थांब, रडू नकोस. आधी नीट समजून घेऊ."

आपल्याकडे घरपट्टी बसते ती घरावर, आणि ती मालकाच्या नावाने येते. आत दोन माणसं राहतात की बारा, हे कुणी मोजत नाही. इंग्लंडात तसं नाही. तिथल्या कराचं नाव कौन्सिल टॅक्स. तो बहुतेक वेळा घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूसुद्धा! आणि घरात मोठी माणसं किती, हेही तिथे मोजतात.

तिथे घरावर कर बसवायच्या नाना तऱ्हा होऊन गेल्या, बरं का! १६६२ मध्ये घरातल्या शेगड्या मोजून कर लावला. एका शेगडीला वर्षाला दोन शिलिंग! लोक फार चिडले. १६८९ मध्ये तो गेला, तर १६९६ मध्ये खिडक्यांवर कर आला. मग लोकांनी काय करावं? चक्क विटा लावून खिडक्या बुजवल्या! उजेड गेला तरी चालेल, पण कर नको. तो कर १८५१ पर्यंत टिकला. तशा बुजवलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांना आजही दिसतात.

पुढे स्कॉटलंडमध्ये १९८९ ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० ला डोईपट्टी आली, म्हणजे माणशी कर. लक्षाधीश असो नाहीतर झाडूवाला, एका गावात दोघांनाही सारखाच आकडा! विद्यार्थ्यांनासुद्धा त्यातला पाचवा हिस्सा भरावा लागे. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि दंगलही झाली. शेवटी डोईपट्टी रद्द झाली आणि १ एप्रिल १९९३ पासून हा कौन्सिल टॅक्स सुरू झाला.

यात विद्यार्थ्यांसाठी काय आहे? नियम तसा सोपा आहे. घरात निदान दोन मोठी माणसं राहतात असं धरून पूर्ण बिल काढतात. मोठी म्हणजे १८ वर्षं आणि त्यापुढची. मोजण्यासारखं एकच माणूस असेल, तर बिलात २५ टक्के सूट. पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी मात्र या मोजणीत धरतच नाहीत. तो घरात असून नसल्यासारखा! आणि घरातले सगळेच विद्यार्थी असतील, तर कर पूर्ण माफ. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहालाही माफी असते.

पूर्ण वेळ विद्यार्थी कुणाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. कॉलेजचा अभ्यासक्रम निदान एक वर्षाचा हवा. वर्षात निदान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी २१ तास अभ्यास हवा. नुसतं नाव घातलं आणि गावभर हिंडलं, असं चालत नाही! वीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना अकरावी-बारावीसारख्या अभ्यासाला आठवड्याला १२ तासांहून जास्त वेळ असला तरी पुरतं.

का बरं ही माफी? विद्यार्थ्याची कमाई नसते. आज तो शिकेल, उद्या कमावेल आणि मग कर भरेल, असा हिशेब. पण दुसरी बाजूही बघा हं. विद्यार्थ्यांच्या घरातला कचराही गाडी उचलतेच. त्यांच्या रस्त्यावरही दिवे लागतातच. तो खर्च कुणीतरी सोसतंच. म्हणजे माफी हे फुकट मिळालेलं बक्षीस नव्हे. गावाने आपल्यावर टाकलेला तो विश्वास आहे.

आता दादाकडे वळू. त्याच्या घरात चौघे मित्र, चौघेही विद्यार्थी. पहिल्या महिन्यात एक पाकीट आलं. 'आपल्याला माफ आहे' म्हणून त्यांनी ते उघडलंच नाही. मग आलं आठवणपत्र! कारण माफी असली तरी ती आपण होऊन कळवावी लागते. आम्ही विद्यार्थी आहोत, असा विद्यापीठाचा दाखला कौन्सिलकडे द्यावा लागतो. गप्प बसलं तर पुढे कोर्टाचं समन्स येतं आणि त्याचा खर्चही डोक्यावर बसतो. दादाने धावतपळत दाखले दिले, तेव्हा बिल शून्य झालं.

वर्ष संपलं. दादाचा अभ्यासक्रम पुरा झाला आणि ऑक्टोबरपासून त्याला नोकरी लागली. बाकीचे तिघे अजून शिकतच होते. आता मोजायला एक माणूस आला, तो म्हणजे दादा. म्हणून हे नवं बिल! काही चूक नव्हती त्यात.

आम्ही वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. समजा, त्या घराचं वर्षाचं पूर्ण बिल २००० पौंड. एकच माणूस मोजला म्हणून २५ टक्के, म्हणजे ५०० पौंड सूट. उरले १५००. महिन्याला १२५. तिथलं करवर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांचे झाले ७५० पौंड.

हे कुणी भरायचे? तिथला कायदा सांगतो, कौन्सिल हे पैसे विद्यार्थ्यांकडे मागणार नाही, नोकरी करणाऱ्याकडेच मागेल. वर्गात लगेच दोन तट पडले! "कमावतो त्यानं भरावं," असं एक बाजू म्हणाली. "पण कचरा चौघांचा आहे ना?" असं दुसरी म्हणाली. एकाने विचारलं, "बाई, दादा तिथे राहिला नसता तर त्या तिघांना माफच होतं. मग त्यांनी का द्यावेत?" खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

पंधरा दिवसांनी ती मुलगी हसत हसत आली. दादाने घरी फोनवर सांगितलं होतं, बिल त्यानेच भरायचं ठरवलं. मित्रांनी आपण होऊन त्याचा वाणसामानाचा हिस्सा उचलला. "आणि बाई, आता घरात आलेलं प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडायचं, असा नियम केलाय त्यांनी!"

पालकांनो, तुमचं मूल परदेशी शिकायला जाणार असेल, तर फीबरोबर ही गोष्टही विचारून ठेवा. शिक्षण संपलं की माफीही संपते.

आणि मुलांनो, आता तुमची पाळी. खालच्या घरांना किती सूट मिळेल ते सांगा.

१. पाच जण, पाचही पूर्ण वेळ विद्यार्थी.
२. आई नोकरी करते, बरोबर दहा आणि चौदा वर्षांची दोन मुलं.
३. दोन विद्यार्थी आणि दोन नोकरदार.

झालं सोडवून? मग आज घरपट्टीचं बिल मागून घ्या आणि आईबाबांबरोबर वाचा. कोणकोणते कर आहेत, आणि त्यांतून तुमच्या गल्लीत काय काय आलंय, याची यादी करा. काय आलेलं नाही, तेही लिहा बरं का!

(उत्तरं : १. पूर्ण माफ. २. २५ टक्के सूट. ३. सूट नाही.)