खेळांची बाग आणि रात्रीचा मुक्काम

गावच्या जत्रेत आकाशपाळणा येतो. मौतका कुवा येतो, फिरते घोडे येतात. चार दिवस मौज होते. मग तंबू उतरतात, गाड्या भरतात आणि मैदान पुन्हा मोकळे होते.

समजा, जत्रा उठलीच नाही, तर? पाळणे बारा महिने उभे राहिले. भोवती भिंत घातली, दारावर तिकीट लावले. आत झाडे, रस्ते आणि खानावळी केल्या. मग ती खेळांची बागच झाली की नाही? अशा बागेला थीम पार्क म्हणतात. थीम म्हणजे विषय. जत्रेत कोणताही खेळ कोठेही उभा असतो. या बागेत मात्र एकेका भागाला एकेक विषय दिलेला असतो. एकीकडे चोरांची गुहा, दुसरीकडे जंगल, तिसरीकडे भुताचा वाडा. खेळ, रंग, वाजवायचे संगीत, सारे त्या विषयाला धरून असते.

हल्ली खेड्यातील मुलेही अशा बागेचा हट्ट धरतात. मोबाइलवर त्यांनी चित्रे पाहिलेली असतात. हट्ट पुरवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जायचे ठरलेच, तर हिशेबाने जावे. एका दिवसाच्या मौजेपायी वर्षभर उसनवारी फेडीत बसू नये. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

ही कल्पना निघाली कोठून?

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचे गृहस्थ होते. ते हलत्या चित्रांचे सिनेमे काढीत. ते आपल्या मुलींना बागेत नेत. मुली लाकडी घोड्यांवर फिरत आणि बाप बाकावर बसून राही. त्यांच्या मनात आले, आईबापांनी आणि मुलांनी एकत्र मौज करावी अशी जागा का असू नये? त्यांनी कॅलिफोर्नियात अॅनाहाइम गावी संत्र्याच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेतली. तेथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले.

पहिल्या दिवशी फार तारांबळ उडाली. खोटी तिकिटे घेऊन पुष्कळ लोक आत शिरले. ऊन कडक होते आणि पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचीही पहिल्या दिवशी फजिती झाली. मग तयारीवाचून निघालेल्या आपल्यासारख्यांची का होणार नाही?

पुढे आणखी एक गोष्ट घडली. बाग पाहायला दुरून लोक येऊ लागले. त्यांना रात्री राहायला जागा हवी. डिस्ने यांच्यापाशी हॉटेल बांधण्याइतका पैसा उरला नव्हता. म्हणून बागेजवळचे पहिले मोठे हॉटेल दुसऱ्याच धन्याने बांधले. मग आणखी लोकांनी भोवती लॉज उभे केले. मुक्कामाचा पैसा त्यांच्या गल्ल्यात गेला. डिस्ने यांनी हा धडा लक्षात ठेवला. फ्लॉरिडात दुसरी बाग काढायची ठरली, तेव्हा त्यांच्या कंपनीने सुमारे २७,००० एकर जमीन घेऊन ठेवली. डिस्ने १९६६ साली वारले. ती बाग १९७१ साली उघडली, तेव्हा कंपनीची स्वतःची हॉटेले तेथे तयार होती.

यावरून काय कळते? बागेइतकाच मुक्काम हाही मोठा धंदा आहे. बागेच्या भिंतीला लागून असलेली खोली महाग असते, कारण तेथे भाड्याबरोबर सोयीचेही पैसे पडतात. ती सोय आपल्याला हवी आहे काय, हे आपण ठरवायचे.

आपल्याकडील बाग

मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले. त्यानंतर २०१३ साली रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका ही मोठी बाग उघडली. मागाहून तिच्या शेजारी पाण्याच्या खेळांची बाग आणि हॉटेल झाले.

रेल्वेने जायचे तर कर्जतवरून खोपोलीस उतरावे. खोपोली हे त्या फाट्याचे शेवटचे स्टेशन. तेथून पुढे रिक्षा किंवा गाडी करावी लागते. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, आणि परतीचेही तेव्हाच बोलून घ्यावे. संध्याकाळी बाग सुटते, तेव्हा सर्वांनाच गाडी हवी असते.

या बागेत नायट्रो नावाचा मोठा खेळ आहे. उंच वळणावळणांच्या रुळांवरून गाडी धावते आणि माणसे उलटी होतात. पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. पण यात जादू नाही. साखळी गाडीला ओढून उंच टोकावर नेते. पुढे पृथ्वीच तिला खाली ओढते. घाटाच्या उतारावर बैल न लावताही गाडी धावते, तसेच हे. मग उलटे झाल्यावर माणूस पडत का नाही? पाण्याची बादली हातात धरून जोराने गरगर फिरवून पाहा. बादली डोक्यावर उलटी येते, तरी पाणी सांडत नाही. तीच गोष्ट येथे. शिवाय खांद्यावरून घट्ट दांडा लावलेला असतो.

तरीही हा खेळ सर्वांसाठी नव्हे. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेला माणूस, नुकतेच ऑपरेशन झालेला माणूस, यांनी यात बसू नये. लहान मुलांना उंचीची अट असते. प्रत्येक खेळापाशी तशी पाटी असते. ती पाटी रांगेत शिरण्यापूर्वी वाचावी. तासभर उभे राहून मग मूल परत आले, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

निघण्यापूर्वी

दिवस निवडताना दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी, तसेच शनिवार-रविवार शक्य तो टाळावा. हिशेब करून पाहा. समजा, एका खेळात एका फेरीला २० माणसे बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला ४०० माणसे. तुमच्यापुढे ८०० माणसे असली, तर दोन तास रांगेतच गेले. पाऊस जोराचा असला, विजा चमकत असल्या, तर उघड्यावरचे खेळ थांबवतात. खोपोलीकडे पाऊस दांडगा असतो, हे ध्यानात ठेवावे.

तिकिटाची चौकशी आधी करावी. त्या दिवशी बाग उघडी आहे काय? तिकिटात सर्व खेळ आले काय? पाण्याच्या बागेचे तिकीट वेगळे काय? मुलांचे तिकीट पुष्कळदा वयावर नसून उंचीवर असते. म्हणून घरच्या भिंतीपाशी मुलाला उभे करावे आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावी.

बहुतेक बागांत घरची भाकरी आत नेऊ देत नाहीत. म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघावे आणि आतल्या जेवणाचे पैसे हिशेबात धरावे. पाण्याच्या खेळांत लुगडे, धोतर किंवा सुती कपडे चालत नाहीत. वेगळा पोशाख लागतो आणि तो तेथे भाड्याने घ्यावा लागला, तर आणखी खर्च. लहान मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर आपला फोन नंबर लिहावा. आता ती चिठ्ठी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहू शकता!

मुक्काम कोठे करावा?

चार वाटा आहेत. पहिली, बागेशेजारच्या हॉटेलात. दुसरी, खोपोली गावातील साध्या लॉजमध्ये. तिसरी, देवस्थानाच्या भक्तनिवासात. पालीचा बल्लाळेश्वर याच रस्त्याने पुढे आहे आणि महडचा वरदविनायक खोपोलीपासून जवळ आहे. दोन्ही अष्टविनायकांतले. म्हणजे एकाच फेरीत देवदर्शनही घडते. मात्र चतुर्थीला आणि माघातील उत्सवात तेथे जागा मिळणे कठीण. चौथी वाट, जवळपासच्या पाहुण्यांकडे. ती फुकटची वाटते, पण रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि चार माणसांचा भार यजमानावर पडतो, हेही पाहावे.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. खरा दर विचारून घ्यावा. नवराबायको आणि दोन मुले आहेत. बागेशेजारी खोली ५००० रुपये, सकाळची न्याहारी त्यातच. गावात खोली १५०० रुपये, जादा गादीचे ३०० आणि जाण्यायेण्याची रिक्षा ७००. म्हणजे २५०० झाले. न्याहारीला ४०० धरले, तर २९००. फरक २१०० रुपयांचा. या २१०० रुपयांत आपल्याला काय मिळते? सकाळचा अर्धा तास वाचतो आणि थकलेले मूल लवकर निजते. सोबत म्हातारे माणूस असेल, तर कदाचित तेवढे द्यावेही. धडधाकट माणसांनी का द्यावे? घर जवळ असेल, तर मुक्काम न करता रात्री परत यावे, हे सर्वांत स्वस्त. पण रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी.

आमची फजिती

आम्ही इतके दिवस शाळा चालवली, पण एकदा आम्हांलाच ठेच लागली. आमच्या साक्षरता वर्गातील बावीस मंडळी घेऊन आम्ही बाग पाहावयास गेलो होतो. रात्री आठ वाजता एका लॉजवर उतरलो. भाडे विचारले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “एका दिवसाचं भाडं.” आम्ही समजलो, उद्या रात्री आठपर्यंत खोल्या आपल्याच. पिशव्या खोल्यांत ठेवून सकाळी सर्व बागेत गेलो.

संध्याकाळी परत आलो, तर तो म्हणाला, “दोन दिवसांचं भाडं द्या.” आम्ही तणतणलो. तेवढ्यात वर्गातील एक मावशी गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना वाचायला येऊन सहा महिनेच झाले होते. बोट हवेत फिरवीत त्या एकेक अक्षर लावू लागल्या. “खो-ली सो-ड-ण्या-ची वेळ... स-का-ळी द-हा.”

सर्वजण गप्प झाले. पाटी मराठीत होती, ठसठशीत अक्षरांत होती. आम्ही काल तिच्यासमोरच उभे राहून पैसे मोजले होते.

“गुरुजी,” मावशी म्हणाल्या, “पाटी दिसली की वाचायची, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग तुम्ही कशी नाही वाचलीत?”

आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्या माणसाने तोंडी सांगायला हवे होते, हे खरे. पण विचारायला आम्हीही हवे होते. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. परतीच्या वाटेवर सर्वांना चहा पाजायचा बेत होता, तो राहिला. मंडळींनी पै पै करून ते पैसे जमवले होते. त्यातली वरची रक्कम आम्ही पुढे आमच्या पेन्शनीतून भरून दिली, पण त्या दिवशीची मान खाली गेली ती गेलीच. पुढच्या सहलीत पाट्या वाचण्याचे काम आम्ही मावशींकडे सोपवले.

खोली घेताना हे विचारा

खोली कधी मिळेल आणि कधी सोडायची? भाड्यावर कर वेगळा आहे काय? जादा माणसाचे किती? गरम पाणी केव्हा येते? सामान ठेवून घेता काय? ओळखीसाठी आधार कार्ड जवळ असू द्या. पैसे दिल्यावर पावती घ्या आणि पावतीवरचा आकडा वाचा.

फोनवर कोणी म्हणाले, “निम्म्या भावात खोली देतो, आधी पैसे पाठवा,” तर सावध राहा. लॉजचा नंबर खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि स्वतः फोन करून विचारा. मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका. खोटी तिकिटे १९५५ सालीही होती आणि आजही आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. आता आपण वाचू लागलो आहोत. तेव्हा अंथरूण घेण्यापूर्वी त्याची पाटीही वाचावी. मग खुशाल पाय पसरावे आणि सुखाने झोपावे. सकाळी मुलांबरोबर पाळण्यात बसायचे आहे ना!