साप गेला, मडके आले

कानाचे चित्र आणि शेजारी पुराचे चित्र काढले, तर मराठी मुले ‘कानपूर’ ओळखतील. चित्रांचा अर्थ सोडून फक्त उच्चार घ्यायचा, ही युक्ती मेक्सिकोतील नाहुआ लेखनिकही वापरत. तेही गंमत म्हणून नव्हे, तर माणसांची नावे लिहिण्यासाठी.

इत्झकोआत्ल हा पंधराव्या शतकातील अ‍ॅझ्टेक राजा. नाहुआत्ल भाषेत ‘इत्झ’ म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी काळी काच आणि ‘कोआत्ल’ म्हणजे साप. स्पॅनिश विजयानंतर, १५४०च्या सुमारास तयार झालेल्या मेंडोसा पोथीत त्याच्या नावासाठी पाठीवर काचेची पाती असलेला साप काढला आहे. इथे चित्रातून सरळ अर्थ कळतो.

त्याच सुमाराच्या व्हेर्गारा पोथीत एका साध्या कुटुंबप्रमुखाचे हेच नाव आहे; पण साप नाही. आहेत काचेची पाती, मडके आणि पाणी. मडके म्हणजे ‘कोमित्ल’, पाणी म्हणजे ‘आत्ल’. सुरुवातीचे उच्चार जोडले, की ‘इत्झ-को-आ’ होते! फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी १८४९ मध्ये हे उदाहरण पुढे आणले.

मात्र प्रत्येक चिन्ह इतके सोपे नसते. निशाणाचे चित्र कधी ‘पान’ हा उच्चार दाखवते, कधी वीस हा आकडा. नाव आहे की हिशेब, हे शेजारच्या चिन्हांवरून ठरवावे लागते.

इथे १५६०ची वेशोत्झिंको गावची करनोंद मदतीला येते. तीत डोक्याच्या चित्राजवळ नावाचे चिन्ह आहे आणि रोमन लिपीत नावही. बाप्तिस्म्यानंतर हुआन, पेद्रो अशी मोजकीच नावे गावभर झाली होती. कोणता हुआन, हे जुन्या नाहुआ नावावरूनच कळे. चिन्ह आणि अक्षरे शेजारी असल्याने ही नोंद आज शब्दकोशासारखी उपयोगी पडते. ओरेगॉन विद्यापीठाच्या ऑनलाइन चित्रकोशात अशी चिन्हे जमवली जात आहेत.

या नोंदी झाल्या त्या करवसुलीसाठी. पण ज्या शेतकऱ्यांचा इतिहासात कुठेच उल्लेख नाही, त्यांची नावे आज याच कागदांवर सापडतात. मात्र मडक्याला नुसते मडके समजले, तर त्यातला माणूस पुन्हा हरवतो.