स्प्रिंग किती कडक हवी?

जॉन ब्राउनिंगने घडवलेलं .४५ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं. ते आजही वापरात आहे. गोळी सुटली की त्याची स्लाइड मागे सरकते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. मग नळीखालची स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, आणि जाता जाता नवं काडतूस नळीत बसतं. पाच इंची नळीला साधारण १६ पौंड दाबाची स्प्रिंग असते. त्याच पिस्तुलाच्या आखूड ‘कमांडर’ मॉडेलची स्लाइड हलकी, म्हणून तिथे १८ पौंडांची.

स्प्रिंग जास्त कडक असली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडता पडता उभी अडकते. निशाणेबाजीच्या सौम्य काडतुसांत हे हमखास होतं. तिथे १२ ते १४ पौंडांची चालते. ढिली असली तर स्लाइड सांगाड्यावर आदळत राहते.

‘कडक ती चांगली’ हा समज मात्र सोडायलाच हवा. फार कडक स्प्रिंग स्लाइडला इतक्या वेगाने पुढे आणते की मॅगझिनमधलं काडतूस वेळेत वर येत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या दाबाच्या स्प्रिंगपासूनच सुरुवात करा, आणि बदल जाणकार आर्मररकडूनच करून घ्या.